शाळेंतील छळ आणि पाहणारांची जबाबदारी

मधल्या सुटींत कोणत्याही शाळेवरून जाणाऱ्याच्या कानीं जो गलबला पडतो, तो बहुधा सुखाचाच असतो. पाठशिवणी, आरोळ्या, भांडणें, कट्टी आणि पांच मिनिटांत बट्टी, या सर्वांचा मिळून तो आवाज झालेला असतो. परंतु त्याच आवाजाच्या आड एखाद्या मुलाचें कोणाला ऐकूं न येणारें दुःखही असूं शकतें. रोज त्याचा डबा कोणी तरी लपवितो, रोज त्याच्या नांवाचें विडंबन होतें, रोज खेळाचे गडी वांटतांना तोच शेवटीं उरतो. आणि घंटा झाली म्हणजे तोंड पुसून तो वर्गांत येऊन बसतो. शिक्षकांच्या दृष्टीनें कांहींच घडलेलें नसतें. घरीं विचारलें तर "कांहीं नाहीं" एवढेंच उत्तर मिळतें.

"हें पोरांचें चालायचेंच" असें म्हणून पुष्कळ सुशिक्षित घरांतही हा विषय बाजूला सारण्यांत येतो. चार टक्केटोणपे खाल्ल्यावांचून मुलगा धीट होत नाहीं, अशी वडीलधाऱ्या मंडळींची समजूत असते. आणि तिला त्यांच्या स्वतःच्या बाळपणाचा आधार असतो. या समजुतीची गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पद्धतशीर तपासणी झाली आहे. तिची सुरुवात स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या युरोपाच्या उत्तरेकडील देशांत झाली. परंतु तिच्यांतून जो निष्कर्ष निघाला, तो कोणत्याही गांवच्या शाळेनें लक्षांत घेण्यासारखा आहे. तो असा कीं, शाळेंतील छळ ही छळणारा आणि छळला जाणारा अशा दोन मुलांमधली खाजगी बाब नव्हे. ती वर्गाच्या डोळ्यांदेखत चालणारी गोष्ट आहे. आणि ती थांबविण्याची किल्ली पुष्कळ वेळां त्या पाहणारांच्या हातीं असते.

छळ कशास म्हणावयाचें, हें आधीं नीट ठरविलें पाहिजे. कारण शाळेंतील प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. दोन सारख्या ताकदीचीं मुलें चेंडूवरून हातघाईवर आलीं, तर तें भांडण होय. एखाद्यानें रागाच्या भरांत एकदां धक्का दिला, तर तो दांडगेपणा होय. शास्त्रज्ञांनीं छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. पहिलें, दुसऱ्याला दुखविण्याचा हेतु. दुसरें, त्या कृत्याची पुनरावृत्ति. आज, उद्यां आणि परवां तेंच. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें, बळाची विषमता. हें बळ केवळ दंडाचें नसतें. एकाच्या बाजूला चौघे असणें, एकाचें वय मोठें असणें, एकाला फडाफडा बोलतां येणें आणि दुसऱ्याला शब्द न सुचणें, हीही विषमताच होय. ज्याचा छळ होतो त्याला स्वतःच्या बळावर त्यांतून सुटतां येत नाहीं, हें या व्याख्येचें मर्म आहे. म्हणूनच "तूंही त्याला दोन ठेवून दे" हा उपदेश सल्ला म्हणून निरुपयोगी ठरतो. तें त्याला शक्य असतें तर त्याचा छळ झालाच नसता.

छळाचीं रूपें अनेक आहेत. मारणें, ढकलणें, वस्तु हिसकावणें हीं उघड रूपें झालीं. शरीराच्या ठेवणीवरून, रंगावरून, बोलीवरून, जातीवरून किंवा आई-बापांच्या धंद्यावरून नांवें ठेवणें हें जिभेनें केलेलें रूप. तिसरें रूप मराठी माणसाला नीट ठाऊक आहे, कारण त्याला आपल्या भाषेंत जुनाच शब्द आहे: वाळीत टाकणें. कोणी त्या मुलीशीं बोलावयाचें नाहीं, तिच्या शेजारीं बसावयाचें नाहीं, तिला खेळांत घ्यावयाचें नाहीं. यांत कोणी कोणाला बोटही लावीत नाहीं, आणि म्हणून शिक्षकाला दाखवितां येईल असा वळही उठत नाहीं. प्रौढांच्या समाजांत असें वाळीत टाकणें हा महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. वर्गांतल्या वाळीकडे मात्र अजून लहान मुलांचा रुसवा म्हणूनच पाहिलें जातें. मोबाइल फोन आल्यापासून या तिन्ही रूपांना चौथ्याची जोड मिळाली आहे. पूर्वी शाळा सुटली म्हणजे निदान सकाळपर्यंत सुटका असे; आतां हातांतल्या यंत्रांतून छळ घरांत, अंथरुणापर्यंत येतो. परंतु तेथेंही सामान्यतः असें दिसून आलें आहे कीं, जीं मुलें फोनवर छळलीं जातात, त्यांपैकीं बहुतेकांचा शाळेंतही छळ होतच असतो. रोग एकच; वाट नवी.

या विषयाच्या अभ्यासाला तोंड फुटलें तें स्वीडनमध्यें. पेटर-पॉल हाइनेमान या डॉक्टरानें १९६९ मध्यें एक लेख लिहून, अनेक मुलें मिळून एकट्या मुलावर तुटून पडतात या प्रकाराकडे लोकांचें लक्ष वेधलें. त्यासाठीं त्यानें जो शब्द वापरला, तो कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाच्या लिखाणांतून आलेला होता. पक्ष्यांचा थवा एखाद्या शत्रूवर एकवटून हल्ला करतो, त्याला तो शब्द होता. दिवसा बाहेर सांपडलेल्या घुबडामागें कावळे कसे लागतात, हें ज्यानें पाहिलें असेल, त्याला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

याच सुमारास डान ओल्वेउस या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानें स्टॉकहोमच्या परिसरांतील शाळांत प्रत्यक्ष पाहणी सुरू केली. तिचें पुस्तक १९७३ मध्यें निघालें. पुढें तो नॉर्वेंतील बर्गेन विद्यापीठांत प्राध्यापक झाला आणि २०२० मध्यें निधन पावेपर्यंत याच विषयाशीं त्याचें नांव जोडलेलें राहिलें. त्याच्या पाहणीनें कित्येक रूढ समजुती उलट्या पाडल्या. लोकांना वाटे कीं, चष्मा, लठ्ठपणा किंवा केसांचा निराळा रंग यांमुळें मुलांचा छळ होतो. पाहणीत असें दिसलें कीं, अशी कांहीं ना कांहीं निराळी खूण बहुतेक मुलांत असते. ज्यांचा छळ होत नाहीं त्यांच्यांतही ती असते. खूण हें निमित्त असतें, कारण नव्हे. लोकांना वाटे कीं, मोठे वर्ग आणि मोठ्या शाळा यांमुळें छळ वाढतो. तसेंही आढळलें नाहीं. लोकांना वाटे कीं, दांडगाई करणारा मुलगा आंतून भेदरलेला असतो. ओल्वेउसला पुष्कळसे दांडगे मुलगे आत्मविश्वासानें भरलेले आढळले. आणि लोकांना वाटे कीं, हे प्रकार शाळेच्या वाटेवर घडतात. प्रत्यक्षांत ते अधिक घडत होते शाळेच्या आवारांत, म्हणजे जेथें मोठीं माणसें असावयास हवीं तेथेंच.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. ओल्वेउसनें त्याच मुलांचा पुढें कित्येक वर्षें मागोवा घेतला. सहावी ते नववीच्या काळांत ज्यांची दांडगे म्हणून नोंद झाली होती, त्यांपैकीं सुमारें शेंकडा ६० जणांना वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत निदान एकदां न्यायालयानें दोषी ठरविलेलें होतें. तीन किंवा अधिक वेळां दोषी ठरलेल्यांचें प्रमाण त्यांच्यांत शेंकडा ३५ ते ४० होतें. जे छळणारेही नव्हते आणि छळलेलेही नव्हते, त्यांच्यांत तें शेंकडा १० च होतें. उलट ज्यांनीं छळ सोसला, तीं मुलें २३ व्या वर्षीं इतरांपेक्षां अधिक खिन्न आणि स्वतःविषयीं अधिक हीन भावना बाळगणारीं आढळलीं. तेव्हां टक्केटोणपे खाऊन मुलगा घडतो ही समजूत दोन्हीं बाजूंनीं फसवी ठरते. खाणारा घडत नाहीं, आणि देणाराही बिघडतो.

हें सर्व विद्वानांच्या ग्रंथांतच राहिलें असतें. परंतु १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली. देशाच्या उत्तर भागांतील दहा ते चौदा वर्षें वयाच्या तीन मुलांनीं आत्महत्या केली होती, आणि सोबत्यांनीं केलेला तीव्र छळ हेंच तिच्यामागचें कारण असावें असें दिसत होतें. सबंध देश हादरला. १९८३ च्या शरद् ऋतूंत नॉर्वेच्या शिक्षणखात्यानें छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली. शिक्षकांसाठीं बत्तीस पानांची पुस्तिका, प्रत्येक घरासाठीं चार पानांचें पत्रक, छळ सोसणाऱ्या दोन मुलांच्या नित्य जीवनाचें दर्शन घडविणारी एक चित्रफीत आणि मुलांनीं नांव न लिहितां भरावयाची प्रश्नावली, एवढी त्या मोहिमेची सामग्री होती. सुमारें १,३०,००० विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून असें निघालें कीं, दर सात मुलांमागें एकाचा या प्रकाराशीं नियमित संबंध येतो. शेंकडा ९ छळ सोसणारीं आणि शेंकडा ७ करणारीं. थोडीं दोहींतही मोडणारीं.

बर्गेन शहरांतील ४२ शाळांतल्या सुमारें २,५०० विद्यार्थ्यांवर ओल्वेउसनें या मोहिमेचा परिणाम १९८३ ते १९८५ या काळांत तपासला. उपाय साधे होते. मधल्या सुटींत मोठ्या माणसांनीं मैदानावर खरोखर हिंडावयाचें, केवळ उभें राहावयाचें नाहीं. प्रत्येक वर्गानें मोजके नियम आपल्या भिंतीवर लावावयाचे: आम्ही कोणाचा छळ करणार नाहीं, ज्याचा छळ होत असेल त्याला मदत करूं, जो एकटा पडेल त्याला आपल्यांत घेऊं. या नियमांवर वर्गांत नेमानें चर्चा करावयाची. आणि छळ उघडकीस आला कीं करणारा, सोसणारा आणि दोघांचे पालक यांच्याशीं ताबडतोब व गंभीरपणें बोलावयाचें. दोन वर्षांत छळाचें प्रमाण निम्म्यावर आलें. चोरी, मोडतोड आणि शाळेला दांडी मारणें हे प्रकारही घटले.

याच मोहिमेची दुसरी तपासणी नॉर्वेच्या रोगालान्ड भागांत झाली, आणि तिचा निकाल निराळा आला. तेथें सुमारें तीन वर्षांनीं पाहतां छळ कमी झालेला दिसला नाहीं. पुस्तिका तीच आणि चित्रफीतही तीच. फरक असा कीं, बर्गेनमध्यें अभ्यासकांचा शाळांशीं सतत संबंध होता. रोगालान्डमध्यें सामग्री पोंचविल्यावर शाळा बव्हंशी आपापल्या जागीं राहिल्या. ज्या शाळांनीं ती सामग्री मनापासून वापरली, त्यांची स्थिति तुलनेनें बरी होती. परिपत्रक काढलें, फलक लावला, एक दिवस व्याख्यान झालें आणि काम संपलें, असें मानणाऱ्या प्रत्येक संस्थेनें या दोन भागांची तुलना ध्यानांत ठेवावी.

येथपर्यंत लक्ष मुख्यतः छळणाऱ्यावर आणि सोसणाऱ्यावर होतें. पुढील पाऊल पडलें तें पाहणारांच्या दिशेनें. कानडांतील टोरांटो शहरीं १९९० नंतरच्या दशकांत डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या अभ्यासिकांनीं मुलांच्या कपड्यांना लहानसे ध्वनिग्राहक लावून आणि दूर कॅमेरा ठेवून मैदानावरचे खेळ टिपले. प्रश्नावलींत मुलें सांगतात त्यापेक्षां हें निराळें. येथें प्रत्यक्ष घडलेलें दिसत होतें. दर शंभर छळप्रसंगांपैकीं पंचाऐंशींहून अधिक प्रसंगांत इतर मुलें जवळ हजर होतीं. त्या मुलांच्या वेळाची वांटणी केली तेव्हां असें दिसलें कीं, निम्म्याहून थोडा अधिक वेळ तीं नुसतीं उभीं राहून पाहत होतीं. सुमारें पंचमांश वेळ तीं छळणाऱ्याचें अनुकरण करीत होतीं. आणि सुमारें चतुर्थांश वेळ सोसणाऱ्याच्या बाजूनें मध्यें पडत होतीं. शिक्षक मैदानावर मध्यें पडल्याचे प्रसंग शंभरांत सुमारें चारच होते.

परंतु याच संशोधनांत एक मोठी आशेची बाब निघाली. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, एखादें मूल मध्यें पडलें तर निम्म्याहून अधिक वेळां, म्हणजे शंभरांत ५७ वेळां, छळ दहा सेकंदांच्या आंत थांबला. ज्या गोष्टीसाठीं मोठ्यांना सभा आणि चौकश्या कराव्या लागतात, ती एका मुलाच्या "अरे, सोड त्याला" एवढ्या शब्दांनीं होऊं शकते. कारण उघड आहे. दांडगाईचें सारें मोल प्रेक्षकांवर असतें. चार जण हंसले तर छळणाऱ्याचा दरारा वाढतो. त्यांच्यांतला एक जरी उठून दुसऱ्या बाजूला गेला, तरी तो दरारा ओसरूं लागतो.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनीं हीच गोष्ट निराळ्या मार्गानें दाखविली. सहावीच्या ५७३ विद्यार्थ्यांना त्यांनीं विचारलें कीं, वर्गांत छळ होत असतां कोण काय करतो. १९९६ मध्यें त्यांनीं या उत्तरांवरून मुलांच्या भूमिका ठरविल्या. छळ सोसणारे शेंकडा सुमारें १२ आणि पुढाकार घेऊन छळणारे शेंकडा ८ होते. त्यांच्याभोवतीं हाताशीं राहून मदत करणारे ७, हंसून व टाळ्या पिटून उत्तेजन देणारे २०, दूर सरून आपल्याला कांहीं दिसलेंच नाहीं असें वागणारे २४, आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे १७. म्हणजे छळणारे थोडे. त्यांना बळ पुरविणारे आणि गप्प बसणारे मिळून त्यांच्या सहापट. या गप्प बसणारांपैकीं पुष्कळांना मनांतून तो प्रकार आवडत नसतो. परंतु प्रत्येकाला वाटतें कीं, इतर सर्वांना तो मान्य आहे, आपणच काय ते निराळे. शिवाय उद्यां आपली पाळी येईल ही भीति असते. अशा रीतीनें वर्गांतील बहुसंख्य मुलांना नको असलेली गोष्ट बहुसंख्यांच्या मौनानेंच चालू राहते.

या ज्ञानावर फिनलंडनें २००६ पासून एक योजना उभारली. तिचें नांव "कीवा". छळाविरुद्ध या अर्थाच्या फिनी शब्दांवरून तें बनविलें आहे, आणि त्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ "छान" असाही होतो. देशाच्या शिक्षणखात्यानें पैसा दिला आणि तुर्कू विद्यापीठानें आंखणी केली. २००७ ते २००९ या काळांत कांहीं शाळांत योजना लागू करून आणि कांहींत न करून तिची परीक्षा घेण्यांत आली. योजना असलेल्या शाळांत छळ स्पष्टपणें कमी झाला, तेव्हां २००९ पासून ती देशभर खुली झाली. आणि फिनलंडच्या सुमारें दहांपैकीं नऊ शाळांनीं तिच्यांत नांव नोंदविलें.

या योजनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग सर्व मुलांसाठीं आहे. ठराविक इयत्तांत वर्षभर तास घेतले जातात. त्यांत पाहणारांनीं काय करावें याचा सराव होतो. लहान नाट्यप्रवेश होतात, गटांत बोलणें होतें, संगणकावरचा खेळही असतो. सुटींत देखरेख करणारे शिक्षक दुरून ओळखूं यावेत म्हणून चमकदार जाकिटें घालतात. दुसरा भाग प्रत्यक्ष प्रकरणांसाठीं आहे. शाळेंतल्या तीन शिक्षकांची तुकडी आधीं सोसणाऱ्या मुलाशीं एकांतांत बोलते. मग छळणाऱ्यांशीं एकेकट्यानें बोलते, आणि त्यांच्याकडून पुढें काय निराळें करणार हें ठरवून घेते. कांहीं दिवसांनीं तीच तुकडी पुन्हां भेटून ठरलें तसें घडलें कीं नाहीं हें पाहते. याशिवाय वर्गशिक्षक वर्गांत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन ते चार चांगल्या मुलांना बोलावून, त्या एकट्या पडलेल्या मुलाला साथ देण्याची विनंति करतो. या शेवटच्या पायरींत सारें सार आलें आहे. एकटेपणा मोडला कीं छळ करणें अवघड होतें.

मात्र अशा योजनांकडून चमत्काराची अपेक्षा करूं नये. कीवा देशभर पसरली तेव्हां पहिल्या परीक्षेंत दिसला त्यापेक्षां तिचा परिणाम सौम्य झाला. जगांतील शंभर योजनांच्या मूल्यमापनांचा एकत्र विचार २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें छळ करण्याचें प्रमाण शेंकडा १९ ते २० आणि सोसण्याचें शेंकडा १५ ते १६ कमी होतें. दर सहांतल्या एका मुलाची सुटका ही लहान गोष्ट नव्हे. परंतु उरलेल्या पांचांसाठीं काम चालू ठेवावें लागतें. २०११ च्या अशाच एका परीक्षणांत पालकांच्या सभा, मैदानावरची कडक देखरेख आणि दीर्घ काळ चाललेल्या योजना या अधिक गुणकारी दिसल्या. त्याच परीक्षणांत एक इशाराही होता. छळाचा निवाडा करण्याचें किंवा मध्यस्थी करण्याचें काम मुलांवरच सोंपविलें, तर उलटा परिणाम होऊं शकतो. छळ हें दोन पक्षांचें भांडण नसल्यामुळें तेथें तडजोड शोभत नाहीं. सोसणाऱ्यानें अर्धें कशाकरितां सोडावें? मुलांनीं साथ द्यावी, विरोध दर्शवावा आणि मोठ्यांना कळवावें. निर्णय मोठ्यांनींच घ्यावा.

आतां आपल्याकडील शाळांचा विचार करावयाचा. महाराष्ट्रानें १९९९ मध्यें रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यांत छळणाऱ्याला शिक्षा आहेच, परंतु तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखासही जबाबदार धरलें आहे. हें दुसरें कलम विशेष अर्थपूर्ण आहे. कारण पाहून न पाहिल्यासारखें करणें हाही दोष आहे, असें कायद्यानें मान्य केलें. पण तो कायदा आठवतो तो महाविद्यालयें आणि वसतिगृहें यांच्या संदर्भांत. चौथी-पांचवीच्या वर्गांत कायद्याचें नांव काढून भागत नाहीं. तेथें शिक्षकाचें वर्तन हाच खरा कायदा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा करणें आणि मानसिक त्रास देणें यांस मनाई केली आहे. या कलमाचा छळाच्या प्रश्नाशीं निकट संबंध आहे. जो शिक्षक एखाद्या मंद मुलाला वर्गासमोर हंसण्यावारी नेतो, तो उरलेल्या सर्वांना तेंच करण्याचा परवाना देतो. जो दांडग्या मुलाला सर्वांदेखत छडी मारतो, तो बळवंतानें दुबळ्याला मारावें हाच धडा पुन्हां गिरवितो. छळाला शिक्षा असावी. पण ती ठाम, शांत आणि अटळ असावी. ती संतापाची असूं नये.

आपल्या शाळांत आणखी एक अडसर आहे, तो म्हणजे चहाडीविषयींची कल्पना. "चहाडखोर" ही शिवी लहानपणींच मुलांच्या मनावर इतकी ठसते कीं, एखाद्याचा रोज छळ होतांना पाहूनही तें शिक्षकाला सांगणें मुलांना पाप वाटतें. या ठिकाणीं मोठ्यांनीं फरक समजावून द्यावा. कोणाला तरी अडचणींत आणण्यासाठीं सांगणें ती चहाडी. कोणाला तरी अडचणींतून सोडविण्यासाठीं सांगणें तें कर्तव्य. आणि ज्यानें सांगितलें त्याचें नांव गुप्त राखणें हें शिक्षकाचें कर्तव्य. एकदां तें नांव फुटलें कीं त्या वर्गांतून पुन्हां कोणी तोंड उघडीत नाहीं.

घराचें काम याहून नाजूक आहे. मूल स्वतः होऊन क्वचितच सांगतें. त्याला लाज वाटते, आणि सांगितल्यानें छळ वाढेल अशी भीति वाटते. म्हणून खुणा ओळखल्या पाहिजेत. वह्यापुस्तकें फाटलेलीं येणें, वस्तु वारंवार हरवणें, सुटीच्या दिवशीं बरें असणारें पोट सोमवारीं सकाळीं दुखूं लागणें, वाढदिवसाला बोलाविण्यासारखें एकही नांव मुलाला न सुचणें, फोन वाजला कीं चेहरा उतरणें. यांतील एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. अनेक एकत्र आल्या तर विचारावें. विचारतांना "तूं काय केलेंस?" हा पहिला प्रश्न नसावा. पूर्ण ऐकून घ्यावें, त्याचा दोष नाहीं हें स्पष्ट शब्दांत सांगावें, काय, कोठें, केव्हां घडलें याची टिपणें ठेवावीं, फोनवरील मजकूर पुसूं नये, आणि वर्गशिक्षकांची शांतपणें भेट घ्यावी. दुसऱ्या मुलाच्या घरीं भांडावयास जाण्यानें बहुधा दोन घरांचें वैर वाढतें, आणि मुलाचा छळ तसाच राहतो. आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हां शाळेंत जाऊन पुढें काय झालें तें विचारावें. मूल जीवनाला कंटाळल्याचे शब्द बोलूं लागलें, तर त्याला धमकी किंवा नाटक समजूं नये. त्याला एकटें न ठेवतां त्याच दिवशीं वैद्याचा सल्ला घ्यावा.

आपलाच मुलगा छळ करतो असें शाळेकडून कळलें तर सुशिक्षित पालकांची पहिली प्रतिक्रिया नकाराची असते. ती समजण्यासारखी आहे. परंतु वर सांगितलेले ओल्वेउसचे आंकडे पाहतां, वेळेवर मिळालेली ही सूचना शाळेनें त्या मुलावर केलेला उपकारच होय. त्याला मारूं नये. मारानें तो अधिक सावध होईल, अधिक चांगला होणार नाहीं. घरांत हें चालणार नाहीं असें निःसंदिग्ध सांगावें, झालेलें नुकसान त्याच्याकडून भरून काढावें, आणि त्याच्या दिवसभराच्या हालचालींकडे कांहीं काळ अधिक लक्ष द्यावें.

राहिले बहुसंख्य पालक. त्यांचें मूल छळतही नाहीं आणि छळ सोसतही नाहीं. हा विषय आपला नव्हे असें त्यांना वाटतें. पण सर्वांत मोठें काम त्यांच्याच घरांत होण्यासारखें आहे. संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे त्याला गुण विचारतात, गृहपाठ विचारतात, डबा संपविला का तें विचारतात. त्याबरोबर, आज वर्गांत कोणी एकटें बसलें होतें का, हेंही विचारावें. उत्तर "हो" आलें, तर उद्यां तिच्या शेजारीं डबा खायला बस, एवढेंच सांगावें. छळणाऱ्याशीं दोन हात करण्याचें धैर्य प्रत्येक मुलापाशीं नसतें, आणि तसें तें मागूंही नये. परंतु न हंसणें, आलेला टवाळीचा मजकूर पुढें न पाठविणें, एकट्या पडलेल्याच्या शेजारीं जाऊन बसणें आणि शिक्षकांच्या कानीं घालणें, एवढें बहुतेक मुलांना जमतें. रोगालान्डच्या अनुभवावरून दिसतें कीं, हें एक दिवसाचें काम नव्हे. शाळेनें तें दर वर्षीं, नव्या वर्गाबरोबर, नव्यानें सुरू करावें लागतें. आणि घरानें तें रोजच्या विचारपुशींत जिवंत ठेवावें लागतें.